पुनर्विकासात वस्तीची रात्र कशी वाचवायची? हरकती-सूचनांसाठी नेमके मुद्दे हवेत

रातपाळी (प्रश्न)
जुन्या गोदामांचा एक पट्टा आहे. तिथे संगीताची छोटी सभागृहं, नाचाचे क्लब आणि पहाटेपर्यंत उघडी असणारी खाण्याची ठिकाणं आहेत. पुनर्विकासाच्या आराखड्यात गोदामांच्या भिंती राखून आत दुकानं आणि मागे उंच निवासी इमारती दाखवल्यात. 'वस्तीचं वैशिष्ट्य जपू' असं वाक्य आहे, पण अंधार पडल्यावर तिथे काय चालेल याबद्दल एक ओळही नाही. 'क्लब वाचवा' एवढं लिहून भागणार नाही. कोणत्या अटी मागायच्या?

नकाशावाचक
आधी एक गोष्ट पक्की धरा: भिंती राखल्या म्हणजे वापर राखला असं होत नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनमागे कोळशाच्या जुन्या गोदामांत बॅगलीज, द क्रॉस, द की असे क्लब होते. पुनर्विकासासाठी ते 2008च्या सुमारास बंद झाले. 2018मध्ये तीच गोदामं 'कोल ड्रॉप्स यार्ड' नावाचा खरेदीचा परिसर म्हणून उघडली. विटा शाबूत, छपरं देखणी, पण रात्र गेली. त्यामुळे 'वारसा जतन' या शब्दावर समाधान मानू नका. सध्याचे वापर, त्यांच्या वेळा आणि क्षेत्रफळ यांची यादी आराखड्याला जोडायला सांगा.

दुसरी मागणी 'एजंट ऑफ चेंज' तत्त्वाची: जो नंतर येतो, त्याने आवाजाची सोय स्वतःच्या खर्चाने करायची. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 2014पासून, इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात 2018पासून आणि लंडनच्या 2021च्या आराखड्यात हे आहे. याची गरज का? इंग्लंडच्या कायद्यात 'तक्रारदार आमच्यानंतर राहायला आला' हा बचाव चालत नाही. तीस वर्षं चाललेल्या क्लबवरही नव्या फ्लॅटमधली एक तक्रार भारी पडू शकते. अट परवानगीतच हवी. विकासकाच्या माहितीपत्रकातल्या आश्वासनाला किंमत नाही.

खर्जमापक
आवाजाची अट लिहिताना बहुतेक जण 'डीबी-ए'मध्ये (म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरून मोजलेल्या, 'ए-भारित' डेसिबलमध्ये) एकच आकडा मागतात आणि तिथेच फसतात. ए-भारित मोजणीत 63 हर्ट्झवर सुमारे 26 डेसिबल आणि 125 हर्ट्झवर 16 डेसिबल वजा होतात. क्लबच्या शेजाऱ्याला जागं ठेवतो तो नेमका हाच खर्ज. कागदावर खोली शांत दिसते आणि उशाशी दणदण चालूच राहते. म्हणून 63 आणि 125 हर्ट्झच्या वारंवारता-पट्ट्यांसाठी स्वतंत्र मर्यादा मागा. मोजणी शनिवारी मध्यरात्रीनंतर, कार्यक्रम पूर्ण जोरात असताना व्हायला हवी. मंगळवारी दुपारी घेतलेली मोजणी नाकारा.

'दुहेरी काच लावू' हे उत्तर आलं तर जाडी आणि पोकळी विचारा. 4 मिमीच्या दोन काचांमध्ये 12 मिमी पोकळी असेल, तर ती जोडी 245 हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि त्याखालच्या खर्जाला जवळपास एकेरी काचेइतकीच अडवते. 6 आणि 10 मिमीच्या काचा 200 मिमी अंतरावर बसवल्या तर घुमण्याची वारंवारता साधारण 44 हर्ट्झवर उतरते. तरी 63 हर्ट्झवर चमत्काराची अपेक्षा नको. तिथे जड भिंत आणि मांडणीच कामाला येते: क्लबच्या बाजूला जिने, लिफ्ट, स्वयंपाकघरं, झोपायच्या खोल्या पलीकडे.

खिडकी बंद ठेवायची तर खोलीला यांत्रिक वायुवीजन हवं. ते नसेल तर उकाड्यात माणूस खिडकी उघडणारच, आणि अर्धवट उघडी खिडकी जेमतेम 10 ते 15 डेसिबल अडवते. महागडी काच मग भिंतीची शोभा. आणि रहिवाशांना ताबा देण्याआधी बांधलेल्या खोलीत प्रत्यक्ष चाचणी व्हावी, ही अट विसरू नका.

तळमजला
आवाजाबद्दल वर आलंच आहे, पण मोठा घात तळमजल्याच्या नकाशात होतो. स्वयंपाकघराचा धूर गच्चीपर्यंत नेणारी नळी बांधतानाच ठेवली नाही, तर तिथे खरं उपाहारगृह कधीच येत नाही. मग कॉफी आणि कपडे. तसंच जमिनीच्या भाराचं. नाचणाऱ्या गर्दीसाठी सहसा दर चौरस मीटरला 5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 500 किलो धरतात. घरांसाठी 2. स्लॅब कमी भाराचा टाकला की नंतर मजबुतीकरण परवडत नाही. छताची उंची, रात्री सामान उतरवायची जागा आणि रहिवाशांपासून वेगळं प्रवेशद्वार नकाशात दिसलंच पाहिजे. रांग आणि धूम्रपानाची जागा खिडक्यांखाली नको. सभागृह कितीही बंदिस्त केलं तरी फुटपाथवरच्या गप्पा अडत नाहीत.

भाडेकरारही पाहा. 'पाडकामासाठी सहा महिन्यांच्या नोटिशीवर रिकामं करू' असं कलम असेल, तर कोणीही ध्वनिरोधनावर पैसा घालत नाही. मग तक्रारी वाढतात, आणि त्याच तक्रारी क्लब हटवण्याचं कारण होतात. बांधकामाचे टप्पे असे मागा की आधी पर्यायी सभागृह तयार होईल आणि मगच जुनं बंद होईल. दोन-तीन वर्षांची खंड पडली की वादक, तंत्रज्ञ, रात्रीचे आचारी पांगतात.

रातपाळी
फार उपयोगी. एक शंका: नव्या फ्लॅटधारकांकडून 'आवाज मान्य आहे' असं लिहून घेता येतं का?

नकाशावाचक
येतं. लंडनच्या मिनिस्ट्री ऑफ साउंड या 1991पासूनच्या क्लबसमोर 41 मजली इमारत येणार होती, तेव्हा हाच मार्ग काढला: ठराविक पातळीपर्यंत आवाज करण्याचा सुविधाधिकार (शेजारच्या मालमत्तेवरचा कायदेशीर हक्क) क्लबला लेखी मिळाला. असा दस्त जमिनीला चिकटतो, म्हणून फ्लॅट विकला गेला तरी नव्या मालकाला लागू राहतो. साधं संमतीपत्र पहिल्या मालकापाशीच संपतं. दस्तात पट्ट्यांनुसार आकडे, दिवस आणि वेळा घाला, नाहीतर अर्थावरून वाद होतो. मात्र तो खासगी दाव्यांपुरताच असतो, सार्वजनिक यंत्रणेची उपद्रवाबद्दलची कारवाई त्याने थांबत नाही. त्यामुळे खर्जमापक म्हणतात ती ताब्याआधीची चाचणी दस्त असला तरी मागाच.