विषय: ठाण्याला परततोय, सलून कोणती घेऊ?

प्रेषक: निखिल
शनिवार, रात्री ११:४०

सप्रेम नमस्कार मंडळी,

बऱ्याच जणांना ठाऊक आहेच, जूनमध्ये आम्ही लंडनचं बिऱ्हाड आवरून ठाण्याला जातोय. घोडबंदर रोड, पातलीपाडा, आई-बाबांच्याच फ्लॅटमध्ये. बायकोचं ऑफिस ऐरोलीला, माझं काम घरून आणि आठवड्यातून दोनदा बीकेसी.

सोळा वर्षं इथे पीसीपीवर, म्हणजे हप्त्यांच्या करारावर, गाड्या फिरवल्या. तीन वर्षं वापरायची आणि किल्ली परत द्यायची. गाडीची दुखणी सुरू होण्याआधीच ती दुसऱ्याच्या दारात गेलेली असायची. आता पहिल्यांदाच पूर्ण पैसे मोजून, स्वतःच्या नावावर घेणार आहे, आणि पन्नाशीच्या आत एकदा तरी चार दारांची पळणारी गाडी घ्यायची हौस आहे. एसयूव्ही नको, हे वाक्य घरात तीनदा बोलून झालंय. निकाल अजून राखीव आहे.

मनात तीन आहेत: बीएमडब्ल्यू एम३४०आय, ऑडी एस५ स्पोर्टबॅक आणि मर्सिडीज-एएमजी सी ४३. किंमत, बांधणी आणि डीलरची सेवा, तिन्ही बाजूंनी सांगा. इथली गाडी तिकडे न्यावी का? उजव्या बाजूच्या स्टिअरिंगचीच आहे.

निखिल


प्रेषक: सुनील
रविवार, सकाळी ९:०५

निखिल,

अरे, यात विचारायचं काय? एम३४०आय घे. तीन लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं बी५८ इंजिन. हेच टोयोटाने सुप्रासाठी उचललं, यावरून काय ते समज. भारतातल्या सध्याच्या रूपात ३७४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क. शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत.

सी ४३ कागदावर भारी दिसते, ४०० च्या वर अश्वशक्ती, पण बॉनेटखाली दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आहे. विजेच्या मोटरची जोड असलेला टर्बो लावून ताकद काढली आहे. अभियंत्यांना सलाम, पण आवाजाचं काय? सहा सिलिंडरची गाडी गुणगुणते आणि चार सिलिंडरची गुरगुरते. एवढे पैसे मोजून गुरगुर कोण ऐकणार?

एस५ मध्ये तीन लिटरचं व्ही६ आहे, ३५४ अश्वशक्ती, वर क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. तिघींत जुनी, पण एसीला अजून खरीखुरी बटणं आहेत. बीएमडब्ल्यूने डिसेंबर २०२२ च्या फेसलिफ्टमध्ये तीही पडद्यात घातली. हा गुण मात्र मी ऑडीला देईन.

आणि भारत-ब्रिटन व्यापार करारामुळे इंग्लंडहून गाड्या स्वस्तात जाणार म्हणून कोणी थांबायला सांगितलं तर ऐकू नकोस. जुलै २०२५ च्या त्या करारातली सवलत ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांना आहे. इथली या पंक्तीतली सलून म्हणजे जॅग्वार एक्सई, आणि ती २०२४ मध्येच बंद पडली. सवलत आली तेव्हा वऱ्हाड हजर होतं, नवरीच नव्हती.

सुनील


प्रेषक: शरद (आता मुक्काम ठाणे)
रविवार, संध्याकाळी ७:५०

चि. निखिल,

पहिली सूचना. इथे 'सलून बघतोय' असं म्हणू नकोस, लोक तुला राम मारुती रोडवरच्या न्हाव्याचा पत्ता देतील. सेडान म्हण.

तुझी गाडी तिकडेच विक. वापरलेली गाडी आणायची तर नुसतं सीमाशुल्कच तिच्या किमतीहून जास्त होतं. तो विषय संपला.

आता पैसे. सुनीलने तिन्ही गाड्या एका रांगेत उभ्या केल्या, पण त्या एका रांगेतल्या नाहीत. एम३४०आय चे भाग चेन्नईला येतात आणि गाडी तिथल्या कारखान्यात जोडली जाते. बाकीच्या दोन जर्मनीतून तयार होऊन येतात. तयार गाडीवर शंभर टक्क्यांच्या आसपास शुल्क बसतं, सुट्या भागांवर त्या मानाने फारच कमी. म्हणून मार्च २०२१ मध्ये एम३४०आय ६२.९० लाखांना आली आणि त्याच महिन्यात एस५ ७९.०६ लाखांना. सी ४३ नोव्हेंबर २०२३ मध्ये आली ती थेट ९८ लाखांना. हे सगळे आकडे एक्स-शोरूम आणि त्या वेळचे. पुढे भाव वर गेले. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट ४८ टक्क्यांवरून ४० वर आला, तेव्हा थोडे खाली आले. आजचा भाव आणि तिघींतली कोणती प्रत्यक्ष मिळते आहे, हे फोन करूनच विचार.

तिकडे भिंतीवर लिहिलेली किंमत म्हणजे किंमत. इथे एक्स-शोरूम ही नुसती प्रस्तावना. समज ७५ लाखांची पेट्रोल गाडी आहे. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९ लाख ७५ हजार. (डिझेलला १५. कंपनीच्या नावावर घेतलीस तर २० टक्के, तेव्हा सीए मित्राने काहीही सांगितलं तरी आधी गणित कर.) वर एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आधीच घेतलेला आयकर, ७५ हजार, तो आयकर विवरणात वळता होतो. मग विमा. कोटेशनमध्ये कुठे तरी खाली 'हँडलिंग चार्जेस' अशी एक गरीब ओळ दडलेली असते, तिच्यावर बोट ठेवून 'हे काय?' एवढंच विचार. बहुतेक वेळा ती आपोआप पुसली जाते.

घासाघीस किती चालेल ते ब्रँडवर आहे. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून पद्धतच बदलली. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, डीलरला कमिशन. त्यामुळे ठाणे, पुणे, नागपूर सगळीकडे एकच भाव, आणि 'साहेब, तुमच्यासाठी म्हणून' हा संवाद तिथे बंद झाला. मला ते बरं वाटतं. आमच्या सौ.ला त्यात मजा वाटत नाही. इतरत्र भाव करायला वाव आहे, विशेषतः डिसेंबरात. फक्त गाडीचा उत्पादनाचा महिना तपास, नाहीतर सवलतीच्या नावाखाली आठ महिने यार्डात उन्हापावसात उभी असलेली गाडी गळ्यात पडायची.

आता मुद्द्याचं बोलतो. माझ्याकडेही याच पंक्तीतली एक गाडी आहे. कोणती ते लिस्टवर लिहीत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात उजव्या हेडलाइटच्या आत पाणी साचलं, गोठ्यातल्या खिडकीसारखी काच धुरकट झाली. गाडी वॉरंटीत होती. सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणाला, 'सर, नॉर्मल कंडेन्सेशन आहे.' मी म्हटलं, अरे बाबा, यात गप्पी मासे सोडता येतील. मग फोटो वर पाठवले, वरून परत आले, पार्ट मागवला. ४१ दिवस गेले. या ४१ दिवसांत तीन अॅडव्हायझर बदलले आणि प्रत्येकाला मी हीच कथा पहिल्यापासून सांगितली, सत्यनारायणाच्या पोथीसारखी. शेवटी काम कोणी केलं? आत एक जुना फिटर होता, चिपळूणकडचा, त्याने. त्याने बाहेर येऊन मला सील दाखवलं, कुठून पाणी शिरतं ते दाखवलं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूचंही बघून घ्या म्हणाला. तेव्हापासून मी गाडी त्या वर्कशॉपला नेत नाही, त्या फिटरकडे नेतो.

म्हणून सांगतो, शोरूमला नंतर जा. शोरूममध्ये सगळेच गोड असतात, कॉफीही चांगली असते. आधी वर्कशॉपला जा, तेही सोमवारी सकाळी साडेनऊला, शनिवार-रविवारच्या सगळ्या तक्रारी एकदम दारात येतात तेव्हा. नुसता बसून राहा. अॅडव्हायझर जॉबकार्ड लिहिताना गाडीभोवती फिरतो की काउंटरवरूनच लिहितो? ग्राहक आवाज चढवतो तेव्हा कोण पुढे येतं? फिटरशी बोलू देतात का? दोन तासांत गाडीबद्दल जेवढं कळेल तेवढं टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही. टेस्ट ड्राइव्ह तरी कुठे घेणार तू? मानपाड्याच्या सिग्नलपासून वाघबीळच्या सिग्नलपर्यंत?

सुनीलचे ते ४.४ सेकंद खरे आहेत, पण ते वसूल करायचे तर पहाटे साडेपाचला निघून आमण्याला समृद्धीवर चढावं लागतं. जून २०२५ पासून तो इगतपुरीपर्यंतचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला, तेव्हा निदान रस्ता आहे. मात्र आमण्यापर्यंत नाशिक हायवेवर ट्रकांच्या मागे जो अर्धा-पाऊण तास जातो, त्यात सहा सिलिंडर काय नि चार काय.

विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' घ्यायला विसरू नकोस. २६ जुलै आठवतो ना? साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की इंजिनात पाणी जातं, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

बाबांना नमस्कार सांग.

शरदकाका


प्रेषक: मेधा (नेरुळ)
सोमवार, सकाळी ८:२०

शरदकाकांशी वर्कशॉपबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्या गाडीचं काम तुर्भे एमआयडीसीत होतं आणि सुदैवाने फिटर पहिल्याच फेरीत भेटला.

पण निखिल, तुम्ही पुरुष मंडळी सगळी पुढच्या सीटवर बसून बोलताय. मागे कोण बसणार? तुझ्या मेलमध्ये आई-बाबा आहेत. एम३४०आय साध्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आहे, २८५१ मिलिमीटर. त्याच ३ सिरीजची लांब आवृत्ती, ३३०एलआय, २९६१ मिलिमीटरची. ११० मिलिमीटर म्हणजे काय, तर माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा. ऑपरेशननंतर तो पूर्ण वाकत नाही, आणि बुटक्या स्पोर्टी गाडीतून बाहेर पडणं म्हणजे पाटावरून उठण्यासारखं. लांब गाडीत निदान पाय बाहेर काढायला जागा मिळते.

हिची दोन लिटरची २५८ अश्वशक्ती पाम बीच रोडला पुरून उरते. अटल सेतूवर तर १०० ची मर्यादा आहे आणि वर कॅमेरे. ऐरोलीच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता कोणती गाडी जास्त वेगवान आहे ते मला कळव.

आणि वॉरंटी कोणीच काढली नाही? मर्सिडीजची तीन वर्षं, बीएमडब्ल्यूची दोन, किलोमीटरची अट दोघांनाही नाही. पुढची वर्षं पैसे भरून वाढवता येतात. गाडी घेतानाच वाढव, नंतर महाग पडतं.

मेधा


प्रेषक: सुनील
सोमवार, दुपारी १:१५

३३०एलआय चांगली गाडी आहे, मेधाताई. पण माणूस हौस म्हणून विचारतोय. हौसेला गुडघा नसतो.


प्रेषक: मेधा (नेरुळ)
सोमवार, दुपारी १:३२

पंचावन्नच्या पुढे असतो.


प्रेषक: निखिल
गुरुवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. शरदकाकांचं पत्र मी बाबांना पुढे पाठवलं, ती चूक झाली की काय कळत नाही, कारण ते मनावरच घेतलं त्यांनी.

मंगळवार आणि बुधवार, दोन दिवस, दोन वेगळ्या वर्कशॉपमध्ये ते पेपर घेऊन जाऊन बसले. सोमवार हुकला याचं त्यांना वाईट वाटलं. बँकेत पस्तीस वर्षं काउंटरच्या आत काढल्यामुळे काउंटरच्या बाहेर बसून आतल्या माणसांची परीक्षा घ्यायचा हा योग त्यांना फारच आवडला. अहवाल फोनवर मिळाला. पहिल्या ठिकाणी खुर्च्या उत्तम, चहा विचारला, पण दोन तासांत एकही कारागीर काचेच्या बाहेर आला नाही. दुसऱ्या ठिकाणी चहा मशीनचा आणि कपभर साखरेचा, पण एका मुलीने ग्राहकाला आत लिफ्टखाली नेऊन ब्रेकपॅड दाखवले, किती मिलिमीटर उरलेत ते मोजून सांगितलं आणि आत्ता बदलू नका म्हणाली. बाबांच्या मते गाडी दुसऱ्या ठिकाणी जी मिळते ती घ्यायची, मग ती कोणतीही असो. ब्रँडचं नाव त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. कोणता ते मीही शरदकाकांसारखं लिस्टवर लिहीत नाही.

एसयूव्हीचा वादही परस्पर मिटला. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाडीवर गाडी ठेवायची लिफ्ट) आहे आणि आमच्या वाट्याला वरचा पाळणा आलाय. तिथली उंची एसयूव्हीला पुरतच नाही. बायकोने बाबांना टेप घेऊन दोनदा मोजायला लावलं, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

लांबीचं मात्र कोडं आहे. एम३४०आय ४.७ मीटरची, मेधाताईंची ३३०एलआय ४.८ च्या वर. दोन्ही पाळण्यात मावतात, पण पाळण्याच्या तोंडाशी लोखंडी उंचवटा आहे, आणि लांब व्हीलबेसच्या गाडीचं पोट तिथे घासेल अशी वॉचमनची भीती. बुटक्या गाडीची हनुवटी घासेल अशी लिफ्टवाल्याची. दोघांचंही बोलणं बाबांनी वहीत लिहून घेतलंय.

शनिवारी डेमो गाडी घरी बोलावली आहे. सेल्सच्या मुलाने विचारलं, सर, राउंड कुठे घ्यायचा, येऊरला जाऊया का? बाबा म्हणाले, कुठे नाही, फक्त पाळण्यावर चढवून दाखवा.

निखिल