सूरज जिंकला म्हणून कला हरली? जरा दमानं घ्या

खडूस_काका:
कालची ती पोस्ट वाचून डोकंच फिरलं. म्हणे २०२४ ला बिग बॉस मराठी रीलस्टार सूरज चव्हाण जिंकला आणि गायक अभिजीत सावंत दुसरा आला, म्हणजे रीलवाल्यांनी कलाकारांना संपवलं. अहो, मुळात अभिजीतला स्टार कोणी केलं? २००५ चं इंडियन आयडॉल काय गानमहाविद्यालयाने दिलं होतं? लोकांनीच धडाधड एसएमएस केले ना? तेव्हा मतं पडली की जनतेचा कौल, आणि तीच सूरजला, बारामतीकडच्या मोढव्यातल्या आईबाप नसलेल्या पोराला पडली की सहानुभूती! वा रे न्याय.

बोरिवली_फास्ट:
काका, अभिजीतला आधी गाऊन दाखवावं लागलं. सूरजने काय दाखवलं? रीलमधलं ते झापुक झुपूक? ७० दिवस घरात राहिला, निम्मे टास्क त्याला कळले नाहीत, आणि घेऊन गेला १४ लाख ६० हजार. तिकडे वर्षा उसगावकरांसारख्या सीनियर बाईला कालच्या पोरींकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं, मी तर तेव्हाच टीव्ही बंद केला.

वऱ्हाडी_ठेचा:
टीव्ही बंद केला मंग टास्क कळले नाही हे कुठून पायलं भाऊ? 😄 आमच्या अमरावतीचा शिव ठाकरे रोडीजचा रिअॅलिटी शो करून आला, २०१९ ले मराठी बिग बॉस जिंकला, मंग हिंदी बिग बॉसच्या १६ व्या सीझनले दुसरा. मुंबईत ना काका ना मामा. असे शो नसते तर त्याले कोन उभं केलं असतं?

चिंटूची_आई:
मतांचं नावच काढू नका. २००९ ला सारेगमप लिटिल चॅम्प्स या गाण्याच्या स्पर्धेला काय झालं ते मी अजून विसरले नाही. कार्तिकी गायकवाड नाही, आर्या आंबेकरच जिंकायला हवी होती.

आळंदीकर:
झालं सुरू! ताई, कार्तिकीने अख्खा महाराष्ट्र हलवला होता. आमच्या गल्लीत लोक वर्गणी काढून मोबाईल रिचार्ज करत होते.

चिंटूची_आई:
तेच तर म्हणतेय, रिचार्ज जिंकला. खणखणीत आणि सुरेल यात फरक असतो.

आळंदीकर:
म्हणजे भजनातून आलेला आवाज तुम्हाला गाणंच वाटत नाही, सरळ सांगा ना! असल्या पुणेरी कानांमुळेच बाकीच्या महाराष्ट्राचा जळफळाट होतो.

चिंटूची_आई:
मी नाशिकची आहे. आणि आवाज खाली.

बोरिवली_फास्ट:
अरे प्रथमेश-मुग्धाचं लग्न झालं, लिटिल चॅम्प्सच्या फायनलची पाचही पंचरत्नं २०२१ ला त्याच शोत परीक्षक म्हणून शेजारी शेजारी बसली, त्यांचं काही भांडण नाही आणि तुम्ही अजून फायनलच खेळताय! धागा बिग बॉसचा आहे.

सोलापुरी_चादर:
मतं-बितं लांबची गोष्ट, आधी आत घुसून दाखवा. पुतणीला घेऊन एका चॅनेलच्या ऑडिशनला गेलो होतो, सकाळी सहापासून लाईन. पोरीने दोन ओळी म्हटल्या की नाही तर टेबलामागची बाई विचारते, वडील काय करतात. बँकेत, म्हटलं. मग म्हणे घरी काही स्ट्रगल वगैरे? आजारपण? तिच्यासमोरच्या कागदावर त्याचा वेगळा रकाना होता, मी उलटा वाचला. तो मोकळा राहिला आणि पोरगी बाहेर. सूरजबद्दल राग नाही, पण त्याचं दुःख विकलं गेलं हे तरी मान्य करा.

खडूस_काका:
विकलं गेलं, मान्य. पण विकणारे चॅनेलवाले, शिव्या खातोय सूरज. आणि शेवटी त्याला काम मिळालंच की, दिग्दर्शक केदार शिंदेंनी फायनलच्या स्टेजवरच त्याला घेऊन पिक्चर जाहीर केला.

बोरिवली_फास्ट:
हो, आणि तेव्हा चॅनेलचे प्रोग्रामिंग हेड पण तेच, केवढा तो योगायोग! बरं बाबा, जिंकला सूरज, रीतसर जिंकला, पेढे वाटतो. खूश?

आळंदीकर:
पेढे वाटणारच असाल तर कार्तिकीचे पण वाटून टाका, नाशिकला पाठवायचे राहिलेत.