घरी नर्स, मावशी किंवा ब्रदर (पुरुष नर्स) ठेवलेल्यांनी अनुभव लिहा : बेळगाव, खानापूर, निपाणी भाग

शहापूर, बेळगाव

गेल्या वर्षी आषाढात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. अठरा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला तेव्हा नाकात राईल्स ट्यूब (पोटात पेज सोडायची नळी) होती, लघवीला नळी होती आणि उजवी बाजू पूर्ण लुळी. वॉर्डातल्या सिस्टरनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं. आमच्या बोळात अँब्युलन्स येत नाही, म्हणून पावसात चौघांनी स्ट्रेचर हातावर घरी आणलं. रात्री आठ वाजता मी आणि आई बाबांच्या कॉटजवळ उभ्या होतो, आणि आता पुढे काय करायचं हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

एजन्सीनं फोनवर ‘नर्स पाठवतो’ म्हणून सांगितलं. ज्या बाई आल्या त्यांनी तोपर्यंत बाळंतिणी आणि लहान बाळं सांभाळली होती. ट्यूब त्यांनी कधी हाताळली नव्हती, आणि ते सांगायची त्यांना भीती वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाबांना सपाट झोपवलेलं असतानाच पेज सोडली. खोकल्याची ढास लागली, ओठ काळेनिळे झाले. पेज फुप्फुसात गेली होती. पुन्हा आठ दिवस ॲडमिट.

त्या बाईंवर माझा राग नाही. फोनवर जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा, एएनएम म्हणजे दोन वर्षांचा कोर्स, आणि अटेंडंट म्हणजे अंघोळ, कपडे, भरवणं, कूस बदलणं करणारं माणूस. आमच्याशी बोलणारा या तिघांनाही नर्सच म्हणत होता. दुसऱ्या वेळी मी पेशंटची अवस्था कागदावर लिहून पाठवली आणि आलेल्या बाईंना पहिल्याच दिवशी म्हटलं, माझ्यासमोर एकदा भरवून दाखवा. त्यांनी कॉटची डोक्याकडची बाजू उचलली, सिरिंजनं मागे ओढून बघितलं, मग पेज हळूहळू सोडली आणि नंतर अर्धा तास बाबांना आडवं होऊ दिलं नाही. त्या संध्याकाळी आई कितीतरी दिवसांनी नीट जेवली.

या बाई गोकाककडच्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी जेमतेम. बाबांची जीभ जड झालेली. ते ‘दुखूलालंय’ म्हणायचे त्यातलं अर्धंच ऐकू यायचं, आणि तेही त्यांना कळायचं नाही. शेजारच्या निवृत्त बाईंनी मोठ्या अक्षरात दोन्ही लिपींत तक्ता करून दिला. पाणी : नीरु. दुखतंय : नोवु. पुरे : साकु. तो गोदरेजच्या कपाटावर चिकटवला. बाबा डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचे. आठवड्याभरात त्या बाई मराठी ‘पुरे’ म्हणायला लागल्या आणि बाबा ‘साकु’.

ज्यांनी घरात असं माणूस ठेवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. चांगलं-वाईट दोन्ही. एजन्सीचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव नको, काय घडलं ते हवं आहे.

टिळकवाडी (सध्या पुणे)

आईला स्मृतिभ्रंश आहे. आई टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, मी पुण्यात, भाऊ परदेशात. तिला पुण्याला आणून बघितलं, पण फ्लॅटमध्ये ती रात्रभर दार शोधत फिरायची. परत घरी नेल्यावर निदान संडास-मोरी कुठे आहे हे तिच्या पायांना माहीत होतं. म्हणून माणूस तिथेच ठेवायचं ठरवलं.

मी हट्टानं मराठी मावशी शोधत होते. दोघी आल्या, दोघी टिकल्या नाहीत. तिसरी बैलहोंगलची, कन्नड बोलणारी, नाइलाजानं ठेवली. आईचं माहेर धारवाडचं. लग्नानंतर पन्नास-पंचावन्न वर्षं घरात ती मराठीच बोलली, पण आजार वाढला तसं तिचं मराठी मागे पडत गेलं आणि लहानपणीचं कन्नड वर आलं. हे मला पुण्यातून कळलंच नव्हतं. पहाटे चारला आई पदर खोचून दाराशी जाते, धारवाडला जायचं म्हणते. मी फोनवर ‘आई, आता तिथे कुणी नाही’ असं समजावत बसायचे आणि ती रडायची. मावशी तिचा हात धरून म्हणते, ‘नाळे होगोण’, उद्या जाऊ. आई ‘हं’ म्हणते आणि पलंगावर येऊन बसते.

कॅमेरा लावला आहे. लावण्याआधी मावशीला सांगितलं, कुठे आहे ते दाखवलं, आणि मोरीत व तिच्या झोपायच्या खोलीत लावला नाही. आधारची प्रत घेतली, पोलिस पडताळणी केली. खरी अडचण रविवारची. तिला सुट्टी हवीच, आणि आई एक तासही एकटी राहू शकत नाही. आतेबहीण अनगोळहून येऊन दर रविवारी दिवसभर बसते. तिच्याशिवाय ही घडी एक महिनाही चालली नसती.

जांबोटी भाग, ता. खानापूर

शहरातल्या लोकांना निदान एजन्सी तरी मिळते. आमच्या गावाचं नाव सांगितलं की फोन ठेवतात. एक बाई आली होती, दोन रात्री राहिली. पावसाळ्यात इथे अंधार, जंगलाचा आवाज आणि मोबाईलला रेंज नाही. तिला दोष देत नाही.

आईचं खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती उठलीच नाही. शेवटी भावकीतल्या सुनेला विचारलं. नवरा वारलेला, दहावी शिकलेली, हाताला चलाख. तिला डिस्चार्जच्या आधी दोन दिवस वॉर्डात घेऊन गेलो. तिथल्या सिस्टरनी मनापासून शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लाल दिसलं तर तिथे चोळायचं नाही. आम्ही सगळे तोपर्यंत तेल लावून चोळतच होतो. चांगलं करतोय असंच वाटत होतं.

एअर बेड घेतला. पण लाईट गेली की पंप बंद, आणि पंप बंद की गादी बसते. मृगापासून पुढे आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एका रात्री गादी बसलेली कुणाला कळलीच नाही आणि सकाळी आईच्या पाठीला लाल चट्टा. मग इन्व्हर्टर घेतला, फक्त त्या पंपासाठी आणि एका बल्बसाठी. आता त्याच गादीला एका नळीतून हवा सुटते, टेप लावून चालवतोय.

पैशाचं बोलतो, कारण भावकीत हे कुणी बोलत नाही. सुरुवातीला सगळे म्हणाले, घरचीच आहे, तिला पैसे काय द्यायचे, दिवाळीला साडी घ्या. मी महिना ९,००० ठरवले आणि तिच्या खात्यावर भरतो. चुलते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण ती आता आईचं काम नोकरीसारखं वेळेवर करते, आणि मलाही चुकलं तर चुकलं म्हणता येतं.

निपाणी

वडिलांनी आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं, फुप्फुसं गेली. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र, लागला. त्याचा एक हिशेब आधी कुणी सांगितला नाही तो लिहितो. साडेतीनशे वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं की दिवसाला आठ युनिटच्या वर जातात, महिन्याला अडीचशे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या आतच वीज माफ आहे, त्याच्या वर गेलं की पूर्ण बिल. ब्रदरचा पगार धरला होता, यंत्राचं भाडं धरलं होतं, हे धरलं नव्हतं. दुसरं म्हणजे लाईट गेल्यावर ऑक्सिजन थांबता कामा नये, म्हणून भरलेला सिलिंडर कायम उशाशी, आणि त्याची किल्ली सिलिंडरलाच दोरीनं बांधलेली.

ब्रदर कागलचा, जीएनएम झालेला. कोगनोळी नाका ओलांडून रोज बसनं यायचा. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला आणि दोन्ही बाजूंच्या बसगाड्या थांबल्या. सकाळी त्याचा फोन आला, ‘दादा, गाडीच नाही.’ त्या दिवसांत नेब्युलायझर, सक्शन सगळं बायकोनं आणि मी केलं, तेही त्यानं आधी आम्हाला शिकवून ठेवलं होतं म्हणून. एक दिवस तो मित्राच्या मोटरसायकलवरून आला आणि रात्री इथेच राहिला. सीमेपलीकडचं माणूस ठेवत असाल तर पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून सगळं शिकून घ्या.

वडगाव, बेळगाव

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझी आई अकरा वर्षं हे काम करते. तिला लिहायला येत नाही, तिनं सांगितलेलं मी लिहितेय.

लोक एजन्सीला १८,००० देतात आणि आईच्या हातात ११,००० येतात, हे बहुतेक घरांत माहीत नसतं. मग ‘एवढे पैसे मोजतो’ असं तिला ऐकवलं जातं. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत इथल्या बायकांना बस मोफत झाली तेव्हा तिचे महिन्याला बाराशे वाचायला लागले. तिच्याबरोबरची चंदगडची बाई अजून तिकीट काढते, कारण आधारवर पत्ता महाराष्ट्राचा.

चोवीस तासांची ड्यूटी म्हटलं की आईला रात्री कॉटखाली चटई टाकून देतात. आज्जी तीनदा उठल्या तर ती तीनदा उठणार, आणि सकाळी सहाला पुन्हा अंघोळ घालायची. तिला दिवसा दोन तास सलग झोप द्या एवढंच तिचं म्हणणं आहे. ती झोपेत असताना पेशंट पडला तर दोष तिलाच येणार.

एका घरी तिनं तीन वर्षं एका आजोबांचं केलं. एके दिवशी ती डबा घेऊन सकाळच्या बसनं गेली तर दारात चपलांचा ढीग. आजोबा रात्रीच गेले होते. तिला कुणी फोन केला नव्हता. ती बाहेरच उभी राहिली, आत जायचं की नाही तिला कळेना. मग त्यांच्या सुनेनं बघितलं आणि हाताला धरून आत नेलं. आई हे सांगताना अजून त्या सुनेचंच नाव घेते.

हिंडलगा

थोडक्यात लिहितो. वडील मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त. बाईमाणसाच्या हातून अंघोळ घ्यायला त्यांनी साफ नकार दिला, दोन दिवस अंगाला पाणी लागू दिलं नाही. आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो. मग मामा (पुरुष अटेंडंट) आले, पहिल्या दिवशी ‘साहेब’ म्हणून सॅल्यूट केला आणि दाढीचं सामान मागितलं. त्यानंतर एकदाही कुरकुर झाली नाही. बाई हवी की पुरुष, हे पेशंटलाच आधी विचारा.

अजून एक. लघवीची पिशवी कॉटच्या खाली, मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर हवी. आमच्याकडे कूस बदलताना ती पलंगावर ठेवली जायची आणि दोनदा इन्फेक्शन झालं.

शहापूर, बेळगाव (पुन्हा)

सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. वडगावच्या ताई, तुमच्या आईंचं वाचून आम्ही गोकाकच्या बाईंना फोन केला. बाबा कार्तिकात गेले तेव्हा त्यांना आम्ही कळवलं होतं, पण दिवसकार्याला बोलवायचं राहून गेलं होतं. येत्या वर्षश्राद्धाला त्या येणार आहेत.

जांबोटीच्या दादा, बाबांचा एअर बेड आमच्या माडीवर तसाच आहे. काल लावून रात्रभर पंप चालू ठेवला, सकाळपर्यंत हवा गेलेली नाही. नळ्या धुऊन वाळवल्या आहेत. बेळगावला बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. शनिवारी आलात तर बरं, त्या दिवशी माझा भाऊ घरी असतो, तो खाली उतरवून गाडीत ठेवून देईल.