मदत हवी आहे: पेग जेलमध्ये यकृताचे ऑर्गनॉइड टिकत नाहीत, अल्ब्युमिनही नाही

मानवी यकृताच्या पित्तनलिका-पेशींचे ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत वाढवलेले अवयवासारखे सूक्ष्म पुंजके) मॅट्रिजेल या जेलच्या ५० मायक्रोलिटर थेंबांत उत्तम वाढतात. पण मॅट्रिजेल हा उंदराच्या गाठीचा अर्क, प्रत्येक लॉट वेगळा. म्हणून चार भुजांच्या पेग-मॅलिमाइडकडे (२० किलोडाल्टनचा कृत्रिम पॉलिमर, प्रत्येक भुजेच्या टोकाला मॅलिमाइड हा जोडणी करणारा गट) वळायचे आहे. सध्याचे अंतिम प्रमाण: पेग ४ टक्के, पेशींना चिकटायला आरजीडी पेप्टाइड २ मिलीमोलर, दोन्ही टोकांना सिस्टीन असलेला आणि एमएमपीने (पेशींच्या विकराने) तुटणारा क्रॉसलिंकर (पेगच्या भुजा एकमेकींना जोडणारा रेणू) ४ मिलीमोलर, पीएच ७.४. पेशी वाढीच्या माध्यमातच मिसळल्या जातात. जेल काही सेकंदांत गुठळ्या होऊन बसते, दुसऱ्या दिवशी थेंब विरघळतो आणि उरलेल्या ऑर्गनॉइडमध्ये अल्ब्युमिन (यकृत-पेशींचे खास प्रथिन) जवळपास शून्य. पेग वाढवावे का?

प्रतिसाद १

पेग वाढवू नका, आधी हिशेब बघा. ४ टक्के म्हणजे २ मिलीमोलर पेग, चार भुजा धरून ८ मिलीमोलर मॅलिमाइड. त्यातले २ आरजीडीने अडवले, उरले ६. क्रॉसलिंकरचा एक रेणू दोन जागा घेतो, म्हणजे ३ मिलीमोलर पुरे. तुम्ही ४ घालता तेव्हा थायॉल (सिस्टीनमधले, मॅलिमाइडशी जुळणारे गंधकाचे गट) जास्त होतात, बरेच रेणू एकाच टोकाने लटकतात आणि जाळे सैल राहते.

क्रमही महत्त्वाचा: आधी पेग आणि आरजीडी, मग पेशी, शेवटी क्रॉसलिंकर. माध्यमातले एन-असिटिलसिस्टीन हेही थायॉलच, तेही मॅलिमाइड खाते. पेशी त्याविना, एचईपीईएस बफर असलेल्या साध्या माध्यमात धुऊन घ्या. गुठळ्या होतात कारण पीएच ७.४ ला अभिक्रिया फार वेगवान असते. क्रॉसलिंकरचे द्रावण ६.५ च्या आसपास ठेवा, मिसळायला वेळ मिळतो. पेप्टाइड त्याच दिवशी विरघळवा, नाहीतर थायॉल आपसात जुळून डायसल्फाइड होतात (मोकळे थायॉल मोजणाऱ्या एलमन चाचणीत लगेच दिसते). पेगचे द्रावणही ताजेच हवे, पाण्यात मॅलिमाइड हळूहळू निकामी होते.

पेशींविना दोन थेंब शेजारी ठेवा. तेही विरघळले तर दोष रसायनात. फक्त पेशींचेच विरघळले तर एमएमपीकडे बघा.

प्रतिसाद २

अल्ब्युमिनचा प्रश्न जेलचा नसावा. वाढीच्या माध्यमात या पेशी पित्तनलिकेसारख्याच राहतात, मॅट्रिजेलमध्येसुद्धा. त्यांना यकृत-पेशींकडे वळवायला वाढीच्या शेवटच्या ५ दिवसांत बीएमपी७ हे संदेशक प्रथिन २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घाला. मग वाढीच्या माध्यमातले आर-स्पाँडिन, एफजीएफ१० आणि फोर्स्कोलिन काढा. डीएपीटी १० मायक्रोमोलर, एफजीएफ१९ १०० नॅनोग्रॅम, डेक्सामेथासोन ३ मायक्रोमोलर द्या, ए८३-०१ ५ वरून ०.५ मायक्रोमोलरवर आणा, बीएमपी७ चालू ठेवा. ११ ते १३ दिवस.

मोजताना माध्यमातल्या बी२७ या पूरकात गाईचे अल्ब्युमिन असते हे विसरू नका. किट मानवी अल्ब्युमिनपुरतेच हवे आणि पेशींविना जेलमधले माध्यम कोरा नमुना म्हणून लावा. आकडा डीएनएवर भागा, एकूण प्रथिनावर नको. मॅट्रिजेलशी तुलना करताना त्याचीच प्रथिने हिशेबात शिरतात.

धागाकर्ते

आरजीडीच्या जागा हिशेबात धरल्याच नव्हत्या. ३ मिलीमोलर करतो. ताठरता किती ठेवावी?

प्रतिसाद १

लॉझानच्या गटाने २०२० मध्ये उंदराच्या यकृत-पेशींवर दाखवले, की पेग जेलमध्ये सुमारे १.३ किलोपास्कलला वाढ सर्वात चांगली होते आणि ४ च्या आसपास मंदावते. तिथून सुरुवात करा. मात्र जेल ३७ अंशांवर रात्रभर फुगू द्या आणि मगच ताठरता मोजणाऱ्या रिओमीटरवर लावा. फुगलेले जेल मऊ पडते, ताज्या जेलचा आकडा पेशींना मिळतच नाही.