शब्दचर्चा : 'टक्केवारी' आणि 'लाच' एकच का?

सिडकोकर :
कॉलनीच्या रस्त्याबद्दल निवेदन लिहितोय. सिंहस्थ तोंडावर आलाय, शहरभर खोदकाम सुरू आहे. आमचं डांबर पावसाळाभरही टिकलं नाही. लोक म्हणतात, 'टक्केवारीचा रस्ता'. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी म्हणतात, हा शब्द निकालपत्रातला आहे, सरळ 'लाच' लिहा. अर्थ एकच का?

रविवार कारंजा :
एक नाही. लाच कुठल्याही अडलेल्या कामासाठी, कितीही. टक्केवारी कामाच्या रकमेशी बांधलेली असते: निविदा मंजूर होताना, मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना, बिल निघताना. ठेकेदार ती खिशातून देत नाही, मालातून काढतो. म्हणून थर पातळ. हप्ता रकमेशी नाही, काळाशी बांधलेला. फारसीत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. चिरीमिरी किरकोळ.

गंगाघाट :
नामांइतकीच क्रियापदंही बघा. लाच 'खातात', मलिदा 'लाटतात', तिथे खाणारा समोर दिसतो. टक्केवारी मात्र 'ठरलेली असते', 'पोचते'. कोणी ठरवली, कोणी पोचवली, वाक्यात माणूसच नाही. इतकी वर्षं आपण हे वाक्य बोलतोय, आणि आता त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. मला या शब्दाची भीती वाटते ती यासाठी.

देणाऱ्याबद्दल तर मराठी फार रोखठोक आहे. 'खाणे'च्या जोडीला 'चारणे' आहे: 'बिल्डरनं पैसे चारले.' पण आपल्यापैकी कोणी 'मी पैसे चारले' म्हणतं का? 'द्यावे लागले' म्हणतो. गॅलरी बंद करून खोली वाढवली, त्याकडे कानाडोळा व्हावा म्हणून पाकीट दिलं, तरी 'द्यावेच लागले'. तिथे कोण अडवत होतं? 'लागले' हा शब्द खरोखर अडलेल्या माणसाचा आहे. म्हाताऱ्या आईच्या नावावरची घरपट्टी आपल्या नावावर करायला चार चकरा मारणाऱ्याचा. सोयीसाठी देणाऱ्यानं तो वापरू नये.

कायदाही हा फरक करतो. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. बळजबरीनं द्यावी लागली आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर सूट.

भद्रकाली :
पटतं, पण चहापाण्याशिवाय फाइल हलत नाही हेही खरं. एका कार्यालयात मला 'साहेबांचं बघा' एवढंच सांगितलं. पैसे हा शब्द कोणी उच्चारलाच नाही.

गंगाघाट :
'बघा' हाच उच्चार. त्याला उत्तर 'लेखी द्या'. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, ती उलटली की अपील करता येतं. आणि रक्कमच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ आहे. वेळ जातो, मान्य. अजून एक शब्द मनाला लागतो. न खाणाऱ्या अधिकाऱ्याला आपण काय म्हणतो? 'कडक आहे, त्याच्याकडे काही जमत नाही.' सचोटीच्या माणसाची ओळख आपण तक्रारीच्या सुरात करून देतो, आणि तीही घरात, मुलांसमोर.

सिडकोकर :
मग निवेदनात काय लिहू?

रविवार कारंजा :
दोन्ही शब्द नकोत. घेताना तुम्ही पाहिलेलं नाही. दिसतंय ते लिहा: खडी कुठे उघडी पडली, किती दिवसांत. माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. तिथली जाडी आणि रस्त्यावरची जाडी जुळली नाही, तर कुठलाच शब्द शोधावा लागणार नाही.

गंगाघाट :
आणि सह्या घेताना गॅलरीवाल्यांनाही विचारा.

सिडकोकर :
विचारलं. दोघांनी सही केली नाही. एकानं केली, आणि वाढीव बांधकाम रीतसर दंड भरून नियमित होतं का, ते विचारून येतो म्हणाला. निवेदनात आता असं लिहिलंय: 'नोंदवलेल्या थराची जाडी रहिवाशांसमोर मोजून दाखवावी.' गुरुजींनी 'कृपया' घातलंय, ते ठेवतोय.