शब्दचर्चा: 'डिस्क वाचत नाही' म्हणजे नक्की कोणाला काय येत नाही?

धागाकर्ती

एका फाइल मॅनेजरचा मराठी अनुवाद फावल्या वेळात करते आहे. फुकटचं काम, घाई कोणालाच नाही, त्यामुळे एकेका वाक्यावर अडून बसायची चैन करता येते. सध्या अडले आहे ते डिस्क जोडल्यावर येणाऱ्या एका सूचनेवर. डिस्क धडधाकट आहे, आत माहितीही आहे, फक्त तिची फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडून ठेवायची पद्धत, या ऑपरेटिंग सिस्टिमला कळत नाही. अशा वेळी काय म्हणायचं?

आधीच्या अनुवादकानं लिहून ठेवलंय: 'ही डिस्क वाचनीय नाही.' मोठ्यानं हसू आलं. वाचनीय असतो तो दिवाळी अंक. हे म्हणजे डिस्कचं परीक्षणच झालं की, 'मांडणी विस्कळीत, शेवट गुंडाळलेला'. 'अवाच्य' म्हणावं तर पुढे 'शिव्या' आपोआप येतं. आणि 'डिस्क वाचत नाही' म्हटलं की डोळ्यांसमोर आयसीयूचं दार आणि मान हलवत बाहेर येणारे डॉक्टर. आपलं 'वाचणे' दोन घरची धुणीभांडी करतं, पुस्तकाची आणि जिवाची. 'डिस्क वाचली' हे दोन्ही अर्थांनी बरोबर आहे, हीच पंचाईत.

सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १

'डिस्क सपोर्टेड नाही.' सगळ्यांना कळतं. संपला विषय.

धागाकर्ती

कळतं म्हणजे काय कळतं? माझ्या आईला विचारलं. म्हणाली, "खराब झाली असेल, दुकानात परत कर."

प्रतिसाद २

ताई, शब्दाचा घोळ नंतर मिटवू. आधी वाक्यात कर्ता कुठाय ते बघा.

विंडोज न कळणारी डिस्क दिसली की साधारण असं विचारते: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? यात 'मला कळत नाही' ही कबुली कुठेच नाही. सगळी उणीव डिस्कच्या पदरात, आणि उपाय म्हणून थेट पुसायची तयारी. मोडी न येणाऱ्या कारकुनानं जुना दस्त हातात घेऊन 'यावर नव्यानं लिहायला घेऊ का?' असं विचारावं, तसं. मॅकची सूचना त्या मानानं सभ्य. तुम्ही लावलेली डिस्क 'या संगणकाला' वाचता आली नाही, असं ती म्हणते. कर्ता जागेवर आहे.

मराठीत ही सोय आयती आहे. '-ता येणे' या रचनेत ज्याला येत नाही त्याला 'ला' लावून उभं करता येतं. 'डिस्क वाचता येत नाही' म्हटलं की आळ डिस्कवर. 'या संगणकाला ही डिस्क वाचता येत नाही' म्हटलं की शेजारच्या संगणकाला येत असेल, ही शक्यता वाक्यातच शिल्लक राहते. एका 'ला'चं काम आहे. मात्र शक्य क्रियापदाच्या वाटेला जाऊ नका. 'संगणकाला डिस्क वाचवत नाही' लिहिलंत, तर त्याला ती बघून भरून आलंय असं वाटेल.

प्रतिसाद ३

अनुभवाचे बोल. घरच्या लिनक्सवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) केलेल्या पेनड्राइव्हमध्ये आमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग होती. एक पीडीएफही त्यातच टाकली आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिला. ईएक्सटी४ हा प्रकार त्यांच्याकडे उघडणार नाही हे मला आठवायला हवं होतं, चूक माझीच. पोरानं ड्राइव्ह खोचला, समोर चौकट आली, त्यानं न वाचता होकार दिला आणि म्हणाला, "काका, रिकामा आहे ओ." दिवसाला शंभर चौकटी झटकणारा तो पोरगा, त्याला काय बोलणार?

फॉरमॅट क्विक होता. म्हणजे नवी अनुक्रमणिका लिहिली गेली होती, आतली बरीच पानं तशीच होती. फोटोरेक या गेलेल्या फायली शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं बहुतेक गाणी परत मिळाली, पण नावं गेली. सगळ्या फायली 'एफ' आणि पुढे आकडे. काकड्याचा अभंग कुठला नि भैरवी कुठली, ते ऐकून ऐकून लावतोय अजून.

थोडक्यात, डिस्क वाचली.

प्रतिसाद ४

स्टोरेजमध्ये काम करतो म्हणून दोन गोष्टी. 'कळत नाही' यालाही पायऱ्या आहेत, आणि अनुवादात त्या एकाच शब्दात कोंबू नयेत. ईएक्सटी कुटुंबात सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइल सिस्टिमच्या मुख्य नोंदीत, वैशिष्ट्यांचे तीन गट नोंदलेले असतात. पहिल्या गटातलं एखादं कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, ओळखता आलं नाही तरी चालतं, खुशाल वाचा आणि लिहा. दुसऱ्यातलं अनोळखी निघालं तर वाचा, पण लिहू नका. तिसऱ्यातलं निघालं तर माउंटच करू नका, म्हणजे उघडूच नका. म्हणजे पुढे येणाऱ्या अडाण्यानं कसं वागावं, हे डिस्क स्वतःच सांगून ठेवते.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. डिस्कच्या वाटण्या नोंदवायच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) ३२ बिटांत मोजतात, त्यामुळे ५१२ बाइटचा सेक्टर धरला की २ टीबीला गाडी थांबते. पुढच्यासाठी जीपीटी ही नवी पद्धत आली. पण जीपीटी न कळणाऱ्या जुन्या प्रणालीला ती डिस्क कोरी वाटायची भीती. म्हणून पहिल्याच सेक्टरमध्ये एक नावापुरता एमबीआर ठेवतात. त्यात एकच पार्टिशन (वाटणी), प्रकार 'ईई', मोजता येईल तेवढी सगळी जागा अडवून बसलेलं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तस्संच. ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीला आतलं काही दिसत नाही, पण 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढं ती दाखवते. जागा कोणीतरी धरली आहे, इतकं समजलं तरी पुरे. सूचनेत 'रिकामी' आणि 'अनोळखी' यांची गल्लत मात्र करू नका.

'अनोळखी' चांगला शब्द आहे. 'अपरिचित'पेक्षा मऊ.

प्रतिसाद १

बरं, 'सपोर्टेड' मागे घेतो. मग वाचता येते पण लिहिता येत नाही, तिला काय म्हणायचं? मॅकवर विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमची डिस्क लावली की मुळात तसंच होतं. 'फक्त-वाचनीय'?

धागाकर्ती

पुन्हा दिवाळी अंक! 'वाचण्यापुरती उघडली आहे' कसं वाटतं? 'पुरती'त मर्यादा आली आणि तक्रारीचा सूर नाही.

मुख्य वाक्य आता असं केलंय: 'डिस्क जोडली गेली आहे. तिच्यावर अनोळखी मांडणी आहे. ती या संगणकाला वाचता येत नाही. आतली माहिती तशीच आहे.'

प्रतिसाद ४

शेवटचं वाक्य काढा. माहिती तशीच आहे की नाही, हे न वाचता कसं सांगणार? 'आतल्या माहितीला हात लावलेला नाही' म्हणा. तेवढ्याचीच हमी देता येते.

धागाकर्ती

मान्य, बदलते. राहिलं बटण. मूळ इंग्रजीत 'इनिशियलाइझ' आहे आणि अनुवादात 'प्रारंभ करा'. नारळ फोडल्यासारखं वाटतं आणि दाबलं की माहिती जाते. बोलताना आपण 'फॉरमॅट मारला' म्हणतो, त्यात निदान 'मारला' तरी आहे. मी 'पुसून नव्यानं आखा' लिहिलं, पण बटणात मावत नाही, 'आखा' कापला जातो.

प्रतिसाद ३

मग 'सगळं पुसा' करा. आमच्या झेरॉक्सवाल्याचंही बोट थांबेल.