‘फ्रूट्स बास्केट’चा सिनेमा: रविवारी लावायचा का? (सोसायटीचा पिक्चर-मालिका ग्रुप)

ए ३०२: मुलांचे ‘फ्रूट्स बास्केट’ या जपानी ॲनिमे मालिकेचे तिन्ही सीझन संपले. आता रविवारी तिचा सिनेमा ‘प्रिल्यूड’ लावायचा हट्ट चाललाय. मालिकेच्या पुढची गोष्ट आहे ना त्यात? जाणकारांनी सांगा.

सी ७०४: काकू, पुढची गोष्ट म्हणून लावलात तर हिरमोड होईल. सिनेमा ८८ मिनिटांचा. त्यातला पहिला जवळपास अर्धा तास उजळणी, म्हणजे मालिकेतलेच नायिका तोहरू आणि तिचा क्यो यांचे प्रसंग कापून जोडलेत. मधला मोठा तुकडा तोहरूच्या आईवडिलांचा. पुढची गोष्ट अगदी शेवटी, ताटातल्या चटणीएवढी. ती मात्र मूळ लेखिका नात्सुकी ताकायाने नव्याने लिहून दिलीय.

ए ३०२: आई म्हणजे क्योको ना? आणि क्यो तो बाईची मिठी बसली की मांजर होण्याचा शाप असलेला मुलगा. नावांत माझा नेहमी गोंधळ होतो.

सी ७०४: बरोबर. वडील कात्सुया.

बी १०१: ‘प्रिल्यूड’ म्हणजे आधीचं. नावातच सांगितलंय की. मग पुढचं का नाही म्हणून ओरड कशाला?

डी ५०३: दादा, आधीचं दाखवलं ही तक्रारच नाही. ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी दाखवलं, ही आहे. हिशोब बघा. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २३ खंडांची, १३६ प्रकरणांची. मालिकेचे भाग ६३: २०१९ला २५, २०२०ला २५ आणि २०२१च्या शेवटच्या सीझनला फक्त १३. जपानी टीव्हीवर तीन महिन्यांचा एक हप्ता धरतात, त्यात बारा-तेरा भाग बसतात. पहिल्या दोन सीझनना असे दोन-दोन हप्ते मिळाले, शेवटच्याला एकच. आणि गोष्टीच्या सगळ्या गाठी सुटतात त्या तिथेच! मग कात्री लागली. माची, काकेरू ही विद्यार्थी परिषदेची मंडळी आटली, आणि क्योको-कात्सुयाचं प्रकरण तर सबंध बाहेर गेलं. तेच २०२२च्या फेब्रुवारीत तिकीट लावून थिएटरात आणलं.

बी १०१: बाहेर राहिलेलं नंतर दाखवलं. बिघडलं काय?

डी ५०३: मांगात हे प्रकरण १६ व्या खंडात येतं, म्हणजे अजून सात खंड शिल्लक असताना. क्योको लहानग्या क्योला आपल्या नवऱ्याबद्दल सांगायची, ते त्याला आठवतं. म्हणजे ती वाचकाला आधी जिवंत बाई म्हणून भेटते. चिडकी, खोडकर, नवऱ्यावर जीव टाकणारी. त्यानंतर क्यो ज्या अपघातात ती गेली त्याची कबुली देतो. हात धरून तिला ओढता आलं असतं, पण ओढताना ती अंगावर आली तर चारचौघांत आपलं मांजर होईल या भीतीने हात पुढे गेला नाही. आणि मरताना ती म्हणाली, ‘माफ करणार नाही.’ १६ वा खंड वाचलेल्याला तिथेच शंका येते की ही बाई असं कसं बोलेल? अर्थ वेगळा असणार. मालिका बघणाऱ्याला ही शंका यायला आधारच नाही. त्याच्यासाठी क्योको म्हणजे फोटोतली हसरी आई. सिनेमा हा आधार देतो, पण सगळं उलगडून झाल्यावर. स्लॅब पडल्यावर पाया खणायला घेतला.

सी ७०४: आणि उजळणी कोणासाठी होती हेच कळत नाही. ६३ भाग बघितलेल्याला ती नको. न बघितलेल्याला त्या अर्ध्या तासातून शाप काय, तो असलेलं क्योचं सोमा घराणं काय, ओ की ठो कळणार नाही, वर शेवट फुटणार तो वेगळाच. ती वजा केली तर उरतात साधारण ५८ मिनिटं. शीर्षकगीतं सोडून एक भाग २१-२२ मिनिटांचा धरा, म्हणजे अडीच-पावणेतीन भागांचा ऐवज. शेवटच्या सीझनला १३ऐवजी १६ भाग मिळाले असते तर सिनेमाची गरजच नव्हती.

ई २०४: मधला तुकडा मात्र मला आवडतो. क्योकोला आवाज मियुकी सावाशिरोचा आहे. शाळकरी टोळीतली मुलगी ते विधवा आई, एवढा प्रवास ती आवाजातल्या आवाजात करते. डब लावू नका, जपानीतच ऐका.

सी ७०४: आवाज उत्तम, मान्य. पण भेट, प्रेम, लग्न, तोहरूचा जन्म, कात्सुयाचा मृत्यू, त्यानंतर क्योकोचं कोसळणं आणि सावरणं, हे सगळं पाऊण तासात. कात्सुया सर्दीचं निमित्त होऊन न्यूमोनियाने जातो, तेव्हा तोहरू तीन वर्षांची. त्या मृत्यूआधी संसाराचे चार साधे दिवस हवे होते.

डी ५०३: सबटायटलमध्ये एक गोष्ट हमखास निसटते. तोहरू मालिकाभर सगळ्यांना अहो-जाहो करते, बरोबरीच्यांनाही. इंग्रजीत ते नुसतं ‘यू’. वडील असं अदबीने बोलायचे. ते गेल्यावर आई आपल्यालाही सोडून जाईल या धास्तीने ती पोर वडिलांची बोली उचलते. म्हणून कात्सुया बोलायला लागला की शब्दांपेक्षा वाक्यांचे शेवट ऐका. ‘देस’, ‘मास’ कानावर आलं की ते अदबीचं बोलणं.

ए ३०२: हे मुलांना आधीच सांगून ठेवते. आठवीतल्या मुलीला दाखवायला ठीक आहे ना?

ई २०४: काकू, आधी तुम्ही एकट्या बघा. क्योको भेटते तेव्हा मिडल स्कूलमध्ये, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाची. कात्सुया त्याच शाळेत शिकवण्याचा सराव करायला आलेला, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. बाप तिला घराबाहेर काढतो, हा लग्नाचं विचारतो. मांगा १९९८ ते २००६ मधली, तेव्हा जपानात मुलींच्या लग्नाचं वय १६ होतं. ते १८ झालं १ एप्रिल २०२२ला, म्हणजे सिनेमा लागल्यानंतर दीडेक महिन्यात! सिनेमा या नात्याकडे गोड प्रेमकथा म्हणूनच बघतो, कुठे अडखळत नाही. शिवाय नवरा गेल्यावर क्योको लेकीकडे पाहीनाशी होते आणि मरणाचा विचार करते, तेही दाखवलंय.

बी १०१: मग उजळणी गाळून, काकूंनी आधी बघून, मग मुलांना. एवढंच ना?

सी ७०४: हो. अर्धा तास पुढे ढकला, क्योकोचे शाळेचे दिवस सुरू होतील तिथपासून लावा. तासाभरात संपतो. शेवटचा तोहरू-क्योचा तुकडा गाळू नका, नवीन तेवढंच आहे. आणि ज्यांचा शेवटचा सीझन अजून व्हायचाय त्यांनी सिनेमाला हात लावू नका, आधी १६ वा खंड वाचा.

ए ३०२: १६ वा खंड कोणाकडे आहे का?

डी ५०३: आहे, इंग्रजीतला. संध्याकाळी वॉचमनकडे ठेवते. पानं मुडपू नका म्हणावं.